केक मिक्सपासून पाय क्रस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या पॉटलकची (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाची) यादी फिरायला लागली की माझ्या फोनवर हे प्रश्न यायला सुरुवात होते, ती थेट नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत. बहुतेक अमेरिकेतल्या मराठी घरांतून येतात, थोडे पुण्या-नागपूरहून. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळे एका जागी आणलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा लिहायचा कंटाळा आहे, तेव्हा "अमुक प्रश्न पाहा" असं दिसलं तर कृपया पाहा.

१. केक मिक्सचा केक होतो. त्याचा क्रस्ट कसा होईल?

पाय (pie) म्हणजे सारण भरलेला विलायती पदार्थ, आणि पायचा क्रस्ट म्हणजे ते सारण धरून ठेवणारी खालची खुसखुशीत वाटी. (आईला एकदा फोनवर "आज पायचा घाट घातलाय" म्हटलं, तर तिने "कुठला, डावा?" असं विचारलं होतं.)

केक मिक्सचा केक होतो तो त्यात भरपूर पाणी, तेल आणि तीनेक अंडी घालून पातळ घोल केल्यामुळे. त्याच कोरड्या मिक्सला नुसतं लोणी चोळलं आणि ओलावा जेमतेम चमचाभर दिला, की केकइतकं फुगायला वावच राहत नाही. भाजल्यावर जे तयार होतं ते बिस्किटाच्या जातीचं असतं.

मिक्समध्ये काय असतं ते एकदा लक्षात घ्या, पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात. वजनाच्या साधारण ४० ते ४५ टक्के साखर. मऊ गव्हाचा, कमी चिकट मैदा. आणि फुगवण्यासाठी सोडा व त्याच्या जोडीची आम्लं. साखरेमुळे क्रस्ट लवकर लाल होतो, मैद्यामुळे लाटता येत नाही, सोड्यामुळे फुगतो.

२. मग हा दुकानातल्या पायसारखा पापुद्र्यांचा होतो का?

नाही. ज्यांना पापुद्रे हवेत त्यांनी इथेच थांबावं. पापुद्रे येतात ते थंड लोण्याचे तुकडे मैद्याच्या चिकट थरांत अडकून राहिल्यामुळे, आपल्या साट्याच्या करंज्या किंवा चिरोटे जसे सुटतात तसे. इथे लोणी पूर्ण चोळलं जातं आणि साखर मैद्याला ताणूच देत नाही. हा क्रस्ट चिरोट्याच्या घरचा नाही, नानकटाईच्या घरचा आहे. तोंडात विरघळतो, गोड लागतो, व्हॅनिलाचा वास येतो. ग्रॅहम क्रॅकर नावाच्या गोडसर अमेरिकन बिस्किटांच्या चुऱ्याच्या क्रस्टशी तुलना करा, अॅपल पायच्या क्रस्टशी नको.

३. एका ९ इंची पायला माप काय?

- यलो केक मिक्स : २१५ ग्रॅम (४३२ ग्रॅमच्या बॉक्सचा अर्धा भाग)
- लोणी : ५७ ग्रॅम, म्हणजे अर्धी स्टिक, बोट रुतेल इतकं मऊ
- एका अंड्याचा पिवळा बलक, किंवा १ टेबलस्पून दूध
- बिनमिठाचं लोणी असेल तर चिमूटभर मीठ

परातीत मिक्स घ्या. गुठळ्या बोटांनी मोडा. लोणी घालून शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो तसं दोन्ही तळव्यांत चोळा. ओल्या रव्यासारखं दिसायला लागलं की बलक किंवा दूध घाला आणि नुसतं कालवा, मळू नका. कसोटी तीच, आजीची : मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे, आणि अंगठ्याने ढकलला की मोडला पाहिजे. मुटका वळत नसेल तर एक चमचा दूध आणखी. हाताला चिकटत असेल तर ओलावा जास्त झाला. अशा वेळी दोन चमचे मिक्स भुरभुरा.

पाय पॅनला लोणी लावा आणि मिश्रण आधी कडांना, मग तळाला दाबा. कडा तळापेक्षा थोड्या जाड ठेवा. काट्याने सगळीकडे टोचा. अर्धा तास फ्रिजमध्ये. मग ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे १७५ सेल्सिअसला, १२ ते १५ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग ओलसर चमकेनासा झाला की बाहेर. तेव्हा तो मऊच लागतो, घाबरू नका. गार होताना कडक होतो. बाहेर काढल्याबरोबर प्रश्न ७ मधलं वाटीचं काम करायचंच.

४. रेसिपीत "१ बॉक्स" लिहिलंय, तसंच केलं तर पीठ तेलकट झालं. का?

कारण बॉक्स आकसलाय. जुन्या अमेरिकन रेसिपी १८.२५ औंसाच्या, म्हणजे साधारण ५१७ ग्रॅमच्या बॉक्सवर बेतलेल्या आहेत. नंतर तो १५.२५ औंसांवर (४३२ ग्रॅम) आला, आणि आता काही ब्रँडचे बॉक्स १३.२५ औंसांचे (३७५ ग्रॅम) मिळतात. बॉक्स दिसायला तेवढाच, आतली पिशवी हलकी. लोणी मात्र रेसिपीतलं जुनंच पडतं.

बॉक्स मोजू नका, वजन करा. चार भाग मिक्सला एक भाग लोणी, एवढं लक्षात ठेवलं तर कुठलाही बॉक्स चालतो. ३७५ ग्रॅमला ९५ ग्रॅमच्या आसपास, ४३२ ग्रॅमला एक पूर्ण स्टिक (११३ ग्रॅम). पूर्ण ४३२ ग्रॅमच्या बॉक्समध्ये ९ इंची दोन क्रस्ट होतात.

५. लोण्याऐवजी तेल, तूप किंवा मार्गरिन?

तूप चालतं, आणि माझ्या मते काही सारणांना लोण्याहून बरं लागतं. पण लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं मुख्यतः पाणी. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध. म्हणून ५७ ग्रॅम लोण्याच्या जागी ४५ ग्रॅम तूप आणि वर एक टेबलस्पून जास्तीचं दूध. तूप थिजलेलं, रवाळ घ्या. पातळ केलेलं घातलं तर क्रस्ट वाळूसारखा भुगा होतो.

तेलाने क्रस्ट होतो, पण कापताना तुटतो आणि तोंडात तेलाचा थर राहतो. काठीच्या आकाराचं मार्गरिन चालेल. डब्यातलं पसरवायचं मऊ मार्गरिन नको, त्यात पाणी फार. भारतातलं मिठाचं अमूल बटर घेतलंत तर मीठ वगळा.

६. आमच्याकडे अंडं चालत नाही. बॉक्सवर तर तीन अंडी लिहिली आहेत.

ती केकसाठी. केकला अंड्याचा आधार लागतो, क्रस्टला नाही. १ टेबलस्पून दूध घाला, काम होतं. फरक एवढाच की बलक घातलेला क्रस्ट कापताना जरा धरून राहतो आणि दुधाचा थोडा ठिसूळ होतो. बिनअंड्याचा असेल तर गार झाल्यावर निदान तासभर फ्रिजमध्ये ठेवून मगच सुरी लावा.

बॉक्सवर अंडी वेगळी घालायला का सांगतात, याची गोष्ट गमतीची आहे. सगळीकडे असं सांगतात की आयता केक केल्याबद्दल गृहिणींना अपराधी वाटू नये म्हणून १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने कंपन्यांनी मिक्समधली अंड्याची पूड काढून टाकली. पण पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या काकवी विकणाऱ्या कंपनीने १९३० च्या दशकातच कोरड्या केक मिक्सची पेटंटं घेतली होती, आणि बायकांना ताजी अंडी घालणंच पसंत असतं, हे त्यांनी तेव्हाच पेटंटच्या कागदात लिहून ठेवलं होतं.

दुधाव्यतिरिक्त बाकी घटक शाकाहारी आहेत का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

७. क्रस्ट भाजताना फुगला आणि कडा घसरून तळाला आल्या. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. मिक्समध्ये सोडा आहे, तो आपलं काम करणारच. त्यावर मात करायची असते. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मंडळाच्या पॉटलकला मी जे नेलं त्यात सारणाला जागाच उरली नव्हती. आमरसाचा बोटभर थर आणि खाली जाडजूड पिवळा गादीवजा प्रकार. एका काकूंनी खाऊन अगदी मनापासून सांगितलं, "केक छान झालाय गं, वरचं आयसिंग जरा पातळ आहे."

तेव्हापासून हे करते. ओव्हनमधून पॅन काढायच्या आधीच सपाट तळाची स्टीलची वाटी ओट्यावर तयार ठेवते. पॅन बाहेर आला की लगेच, क्रस्ट गरम आणि लुसलुशीत असतानाच, वाटीचा तळ मधोमध ठेवून हलकेच दाबत बाहेर सरकवते. फुगलेल्या भागातून हवा सुटताना बारीक फुस्स आवाज येतो आणि पृष्ठभाग बिस्किटासारखा घट्ट होतो. कडांना वाटी आडवी धरून, तिची बाजू पॅनच्या भिंतीवर फिरवते. घसरलेली कड अशाने परत वर चढते. वाटी चिकटायला लागली तर मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यानंतर क्रस्ट कडक व्हायला लागतो आणि दाबला तर तडकतो.

कडा मुळात कमी घसराव्यात म्हणून तीन गोष्टी : भाजण्याआधीचा फ्रिजमधला अर्धा तास चुकवू नका, कड पॅनच्या ओठावर थोडी टेकवा, आणि पहिली आठ मिनिटं वर बटर पेपर पसरून त्यावर कोरडे राजमे किंवा काबुली चणे भरा. ते राजमे नंतर शिजवून खाता येत नाहीत. बरणीत भरून "पायचे" अशी चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर कोणीतरी भिजत घालतं.

८. लाटून पॅनमध्ये घातला तर चालेल का? दाबून सगळीकडे सारखा होत नाही.

लाटताना फाटेल. दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून जाडसर लाटता येतो, पण उचलताना तुकडे पडतात आणि शेवटी ते पॅनमध्ये दाबूनच जोडावे लागतात. तेव्हा सरळ दाबाच. सारखी जाडी येण्यासाठी प्रश्न ७ मधली तीच वाटी कच्च्या पिठावरही फिरवा.

९. कुठला फ्लेवर घ्यावा?

यलो सगळ्यात भरवशाचा. व्हाइट जरा मुळमुळीत लागतो. चॉकलेट किंवा डेव्हिल्स फूड (गडद चॉकलेटचं) घेतलंत तर रंगावरून भाजलं का ते कळत नाही, वेळ आणि वासावर जावं लागतं. आत केळ्याचं किंवा नारळाचं क्रीम मात्र फार छान लागतं. स्पाइस केक भोपळ्याच्या पायला, लेमन स्ट्रॉबेरीला. रेड व्हेल्व्हेट पांढऱ्या क्रीमखाली घालू नका, दुसऱ्या दिवशी क्रीम गुलाबी होतं.

एंजल फूडचा बॉक्स अजिबात नको. ते मिक्स मुख्यतः साखर आणि अंड्याचा पांढरा बलक असतं, त्याचा क्रस्ट होत नाही, चिक्की होते. ब्राउनी मिक्समध्येही साखर जास्त, ते पसरतं.

१०. सारण कुठलं भरावं?

थंड सारण. क्रस्ट वेगळा पूर्ण भाजून, गार करून, मग त्यात फ्रिजमध्ये सेट होणारं काहीतरी. चॉकलेट पुडिंग, लेमन क्रीम, कस्टर्डवर फळं. आणि अर्थातच आपला मँगो पाय, ज्याच्याशिवाय अमेरिकेतलं देशी पॉटलक पूर्ण होत नाही.

मँगो पायचा हिशोब या क्रस्टशी इतका जुळतो की जणू ठरवून केलाय. एका ४३२ ग्रॅमच्या बॉक्सचे दोन क्रस्ट, आणि केशर किंवा हापूसच्या पल्पच्या एका ८५० ग्रॅमच्या डब्यात बरोबर दोन पाय. बाकी लागतं २२६ ग्रॅम क्रीम चीज, २२६ ग्रॅम व्हिप्ड टॉपिंग (डब्यातलं फेटलेलं गोड क्रीम) आणि सेट करायला जिलेटिन किंवा आगर-आगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. डब्यातला पल्प बहुधा साखर घातलेलाच असतो आणि क्रस्टही गोड, म्हणून वर साखर घालू नका. उलट एका लिंबाचा रस पिळा. पल्प उठून येतो.

सेट करायच्या भानगडीत पडायचंच नसेल तर भाजलेल्या गार क्रस्टमध्ये सरळ घट्ट आम्रखंड भरा. चक्का रात्रभर टांगलेला हवा. खायच्या आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर सुरेख काप पडतात. माझ्या घरी मँगो पायपेक्षा हाच आधी संपतो.

११. चायना ग्रास घातलं तर मँगो पायमध्ये गुठळ्या झाल्या. जिलेटिनने होत नाहीत.

दोघांचा स्वभाव उलटा आहे. जिलेटिन गरम पाण्यात सहज विरघळतं आणि फ्रिजमध्येच घट्ट होतं, त्यामुळे सवड मिळते. आगर-आगर उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच घट्ट व्हायला लागतं. म्हणजे फ्रिजमधल्या गार पल्पमध्ये ओतलं की जागच्या जागी शेवया.

एक कप पाण्यात २ टीस्पून आगर पावडर ढवळत उकळा, उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं तशीच ठेवा. तोवर पल्प बोटाला सोसेल इतपत कोमट करून क्रीम चीजबरोबर घोटून ठेवलेला हवा. आगरचं पाणी बारीक धारेने ओतत फेटा. व्हिप्ड टॉपिंग खोलीच्या तापमानाला आलेलं घ्या, शेवटी भराभर मिसळा आणि लगेच क्रस्टमध्ये ओता. फोन आला तर घेऊ नका. इथे खरंच तेवढा वेळ नसतो. चार तास फ्रिजमध्ये.

१२. थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचा, पेकनचा किंवा सफरचंदाचा पाय याच क्रस्टमध्ये होईल का?

भोपळ्याचा जेमतेम होतो. ते सारण क्रस्टमध्येच पाऊण तासाहून जास्त भाजावं लागतं, आणि एवढ्या वेळात आपला साखरेचा क्रस्ट कडेने काळपटतो. करायचाच असेल तर क्रस्ट आधी फक्त ८ मिनिटं भाजा, आतून अंड्याचा पांढरा बलक पातळ फासून २ मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये (याने ओल अडते), मग सारण. कडांवर पहिल्यापासून फॉइलची पट्टी.

पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) पाय नको. सारणच पाकाचं, त्यात हा क्रस्ट. दात दुखतात.

सफरचंद भरपूर रस सोडतं, आणि हा क्रस्ट तो पिऊन पेढ्यासारखा होतो. अॅपल पायला साधा मैद्याचा क्रस्ट करा किंवा तयार आणा. केक मिक्सचा चांगला उपयोग तिथे वरून होतो, तो पुढच्या प्रश्नात.

१३. वरून झाकण किंवा जाळी करता येते का?

जाळी विणता येत नाही, पट्ट्या उचलतानाच मोडतात. प्रश्न ३ चं मिश्रण दूध न घालता चुऱ्याच्या अवस्थेत थांबवा आणि फळांवर भुरभुरा, चमचाभर ओट्स आणि दालचिनी घालून. शेवटची पंचवीस मिनिटं ठेवलं तरी पुरतं. नाहीतर उरलेल्या पिठाच्या छोट्या चकत्या वेगळ्या भाजून वर मांडा.

१४. ओव्हन नाही. कढईत, एअर फ्रायरमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये?

एअर फ्रायरमध्ये छोटे टार्ट छान होतात : १६० अंश सेल्सिअस, ८ ते १० मिनिटं, सहाव्या मिनिटाला डोकावून बघा. वरचा पंखा कडा आधी लाल करतो.

कढईत तळाला मीठ, त्यावर जाळी, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. तळ लवकर लाल होतो आणि वरचा भाग फिका राहतो, म्हणून जाड बुडाचा डबा घ्या. फिकटपणा सारणाखाली झाकला जातोच.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये नाही. कन्व्हेक्शन मोड असेल तर चालेल.

१५. न भाजता, नो-बेक करता येईल का? ग्रॅहम क्रॅकरचा करतात तसा?

नाही, आणि इथे मी हट्टाने नाही म्हणते. ग्रॅहम क्रॅकर आधीच भाजलेला असतो, मिक्समधला मैदा कच्चा असतो. कच्च्या मैद्यात साल्मोनेला किंवा ई. कोलाय असू शकतात. २०२१ मध्ये अमेरिकेत ई. कोलायची एक साथ केक मिक्सशी जोडली गेली होती आणि आजारी पडलेल्यांत बऱ्याच जणांनी कच्चा घोल चाटला होता. मिक्स पॅनमध्ये परतून किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून कच्चंच वापरायच्या युक्त्या फिरतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, एफडीए, घरच्या घरी असं करू नका असंच सांगतं. मुलांना परातीतलं पीठ चाखू देऊ नका, बिनअंड्याचं असलं तरी.

१६. मिक्स पूर्ण शाकाहारी असतं का?

बहुतेक साध्या मिक्समध्ये थेट मांसजन्य काही दिसत नाही, पण यादीत मोनो आणि डायग्लिसराइड्स हे स्निग्धांशापासून केलेले घटक असतात. ते वनस्पतीचेही असतात, प्राण्यांचेही, आणि डब्यावर ते लिहिलेलं नसतं. काटेकोर पाळणाऱ्यांनी व्हीगन शिक्का असलेलं मिक्स घ्यावं. भारतात हिरवा ठिपका पाहिला की काम झालं.

जास्त लक्ष सारणाकडे द्या. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, आणि मार्शमेलोमध्येही ते असतं. काही तयार पाय क्रस्टमध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते. बऱ्याच जणांनी मुळात घरचा क्रस्ट सुरू केला तो त्याचसाठी.

१७. पहिला काप कधीच अख्खा निघत नाही. तळाला चिकटतो.

साखर तळाला वितळून गोंद होते. पॅनला लोणी सढळ लावा, तळाला बटर पेपरची गोल चकती ठेवा. विसरलात तर पॅनचा तळ अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवा. खालचं लोणी सैल होतं. काचेचा पॅन फ्रिजमधून काढल्याबरोबर गरम पाण्यात मात्र नको, आधी दहा मिनिटं बाहेर ठेवा. हीच सावधगिरी ओव्हनमध्ये घालताना : गार काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली तर तडकू शकते. फ्रिजमधल्या अर्ध्या तासासाठी धातूचा पॅन बरा, तो तळही जास्त खरपूस करतो.

आणि पहिला काप कसाही निघाला तरी तो करणाऱ्याचा असतो.

१८. आदल्या दिवशी करून ठेवला तर?

भाजलेला रिकामा क्रस्ट हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस राहतो. साखर हवेतला ओलावा ओढते, म्हणून नरम पडला तर १५० अंश सेल्सिअसवर पाच मिनिटं, पुन्हा खुसखुशीत. कच्चं पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर. थांबलेल्या पिठातला सोडा थोडा मंदावतो, ते आपल्या पथ्यावरच पडतं.

भरलेला पाय दुसऱ्या दिवशी तळाला मऊ होतो. टाळायचं असेल तर गार क्रस्टमध्ये दोन चमचे वितळलेलं पांढरं चॉकलेट ब्रशने फासून सुकू द्या, मग सारण भरा.

१९. भारतातल्या केक मिक्सने जमेल का?

जमतं. पाकिटं लहान असतात, तेव्हा वजन करून प्रश्न ४ चं प्रमाण लावा. बरीचशी मिक्स बिनअंड्याची असतात, म्हणजे अंडं न घालता फुगण्यासाठीच बेतलेली. माझा अनुभव असा की ती जास्त फुगतात. दूध आधी अर्धाच चमचा घाला आणि वाटी तयार ठेवा. क्रीम चीज महाग पडतं, त्याऐवजी चक्का. अमूलचं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते फेटून उभं राहत नाही. व्हिपिंग क्रीम आणा.

२०. डेन्व्हरला राहतो. इथे सगळंच जास्त फुगतं.

डेन्व्हर खूप उंचावर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून त्याच सोड्याचा वायू जास्त पसरतो. मिक्समध्ये दोन टेबलस्पून साधा मैदा मिसळा, चणे-राजमे भरल्याशिवाय भाजू नका.

२१. ग्लूटेन-फ्री मिक्स?

हा क्रस्ट मुळातच ग्लूटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाच्या, जिवावर उभा नाही, त्यामुळे चांगला होतो. त्यात बलक हवाच, नुसत्या दुधाने भुगा होतो. पीठ दाबण्याआधी पंधरा मिनिटं झाकून ठेवा, तांदळाच्या पिठाला ओल प्यायला वेळ लागतो.

२२. घरात मधुमेही आहेत. साखर कमी करता येईल?

मिक्समधली साखर काढता येत नाही. अर्धं मिक्स आणि अर्धं बदामाचं पीठ घेतलं तर साखर निम्मी होते आणि चवही चांगली लागते, पण तरी हा गोड पदार्थच. पातळ क्रस्ट, लहान काप.

२३. कीश (अंड्याच्या सारणाचा खारा पाय) किंवा तिखट पाय?

नको.

२४. तारीख उलटून गेलेला बॉक्स सापडला.

केकला नाही म्हटलं असतं. क्रस्टला सोडा मंद झालेला चालतो. पण पिशवी उघडून वास घ्या. खवट तेलाचा वास आला किंवा किडे-जाळी दिसली तर टाका.

२५. पॉटलकला "केक मिक्सचा आहे" असं सांगावं का?

ते तुमच्यावर. पण अंडं आहे की नाही, आणि जिलेटिन की चायना ग्रास, एवढं कागदावर लिहून पॅनला चिकटवाच. मी निळ्या पेनने "बिनअंड्याचा, आगर" असं लिहिते. अंड्याचा आणि बिनअंड्याचा असे दोन्ही नेत असाल तर ते टेबलाच्या दोन टोकांना ठेवा, आणि सुऱ्याही दोन न्या.